बुडाशी खरवडलेली सहा पाती

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे. रक्तातली साखर, चोरून आणलेली शेव, तरुणपणी एका मुलीला लिहिलेलं आणि न पाठवलेलं पत्र – सगळं. हे मात्र तिला माहीत नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. बारा वर्षं मी हे पोटात ठेवलंय, आणि पोट बिघडलं तरी ओठ उघडले नाहीत. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मलाही नीट ठाऊक नाही.

आधी मी कोण, ते सांगतो. छावणीच्या बाजारात माझं दुकान होतं. रेडिओ, अँप्लिफायर, लाउडस्पीकर – आवाज करणारं काहीही बिघडलं की माझ्याकडे यायचं. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून, आणि मी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेला. घराण्यातली घसरण म्हणा, प्रगती म्हणा. पण बोलणं मात्र आमचं घरचंच राहिलं – स्वच्छ, पुस्तकी, 'आणि'ला 'आणि' म्हणणारं. हे मुद्दाम सांगतोय. याचा पुढे संबंध आहे.

दुकानाच्या अर्ध्या भागात पुंजाराम बसायचा. देवगाव रंगारीचा. घरी कोरडवाहू शेती, आणि हा बाजाची पेटी दुरुस्त करायला शहरात. कुणाकडून शिकला, तर गावातल्या भजनी मंडळाची पेटी उघडून उघडून. त्याचा कान असा होता की मला कधी कधी त्याचा रागच यायचा. दुष्काळाची वर्षं होती ती. नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी, तेही आलं तर आलं. पुंजाराम काम करता करता मान वर करायचा, कोपऱ्यातल्या कोरड्या नळाचा सुस्कारा ऐकायचा आणि म्हणायचा, "भाऊ, हंडे काढा. पाव घंट्यात येतंय." आणि यायचं. शेजारचे दुकानदार महापालिकेला फोन करायचे सोडून पुंजारामला विचारायचे.

तो मला 'भाऊ' म्हणायचा आणि 'तुम्ही' म्हणायचा. मी त्याला 'पुंजा' म्हणायचो आणि 'तू'. वयानं आम्ही सारखेच. हेही आत्ता सांगताना पहिल्यांदा ध्यानात आलं.

तर पियानो. मूळ मुद्दा तो – म्हणजे मूळ मुद्दा तो नाही, पण वाट तिथूनच जाते.

बायपासच्या पलीकडे तेव्हा नुसता धुरळा होता. काल ज्वारी होती तिथे आज प्लॉटचे खुंट, उद्या इमारत. पाण्याचा पत्ता नाही, पण शहर मात्र वाढतच चाललेलं. तिथे एका बिल्डरच्या पत्नीनं संगीत विद्यालय काढायचं ठरवलं. त्यांचं नाव नको. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. बाई मनानं चांगल्या, हौस दांडगी, ऐकण्याची सवय कमी. कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राच्या गोडाउनमधून त्यांनी एक जुना इलेक्ट्रिक पियानो उचलला, टेम्पोत घातला आणि आमच्या दारात आणून उभा केला. उभा कसला – आडवा. कारण त्याला पायच नव्हते.

पायच काय, बरंच काही नव्हतं. पेडल गायब. आवाजाचं बटण गायब. वरचं झाकण कुणीतरी पाट म्हणून वापरलेलं असावं. हातोड्यांचं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, कापड उंदरांनी खाल्लेलं. आणि आत, पट्ट्यांच्या खाली, चौसष्ट पोलादी पाती असायला हवी होती, त्यातली अकरा नव्हतीच.

ही पाती म्हणजे त्या वाद्याचा जीव. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी पात्यावर बसते, पातं थरथरतं आणि शेजारचं सर्किट ती थरथर उचलून आवाज करतं. पात्याच्या टोकाला सोल्डरचा एक थेंब असतो. थेंब जड, तर सूर खाली. थेंब थोडा कानसला, हलका केला, की सूर वर. एवढंच शास्त्र. आणि मूळ पाती बाजारात मिळत नाहीत. परदेशातून मागवायची म्हटली तर मॅडमचं उद्घाटन पुढच्या वर्षावर गेलं असतं.

आम्ही दोघं त्या डबड्याभोवती फिरलो. त्याच्या पोटात वाकून पाहिलं. आणि मी सांगतो, आयुष्यात फार थोड्या वेळा इतकं खूश वाटलंय. सर्किट माझं, सूर त्याचा – वाटणी आपोआप झाली. पाय आम्ही लोखंडी पाइपचे करून घेतले. पेडल जुन्या शिवणयंत्राचं बसवलं. छावणीत टांगेवाल्यांची एक म्हातारी पिढी अजून शिल्लक होती. घोड्याच्या खोगिराखालचा जाड नमदा पुंजारामनं त्यांच्याकडून आणला, पातळ सोलला आणि हातोड्यांना चिकटवला. मॅडमना आम्ही हे सांगितलं नाही. त्यांना घोड्याचा वास आला असता तर त्यांनी तो लावूच दिला नसता.

आणि अकरा पाती त्यानं बनवली. गॅरेजवाले इंजिनातली फट मोजायला ज्या पोलादी पट्ट्या वापरतात ना, त्या आणून, कापून, भोक पाडून, टोकाला थेंब लावून. एकेक पातं दोन-दोन दिवस. लावायचं, ऐकायचं, काढायचं, कानसायचं, पुन्हा लावायचं. मी माझा अँप्लिफायर आठ दिवसांत उठवला होता. नंतर मी काय करत होतो? त्याच्याकडे बघत होतो.

मॅडम दर दोन दिवसांनी यायच्या. यायच्या आणि पुंजारामच्या शेजारी स्टूल घेऊन बसायच्या. माझ्या सर्किटमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं – दिवा लागला, आवाज आला, संपलं. पण तो पातं छेडायचा, मान तिरकी करायचा, आणि बाई हात जोडल्यासारख्या बसून राहायच्या. एक दिवस त्यांनी मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं – विद्यालयात वाद्यं सांभाळायला कायमचा माणूस हवाय, तूच ये. पगार आहे. मागे एक खोली आहे, बायको-मुलीला घेऊन राहा. आणि खोलीच्या मागे बोअर आहे.

ते बोअर चालू होतं. त्या वर्षी, त्या भागात, चालू बोअर! पगाराचं ऐकून पुंजाराम नुसता हसला होता. बोअरचं ऐकून तो उठून दुकानाबाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. त्याच्या गावात टँकर येऊन विहिरीत पाणी ओतायचा आणि बाया काठावरून दोर टाकून ते शेंदायच्या, एकमेकींच्या खांद्यावरून. त्याची बायको त्यात होती. मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची. त्या खोलीचं त्याला काय मोल होतं, हे मला पूर्ण माहीत होतं. नंतर 'मला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मला हेवा वाटला का? वाटला. नोकरी मला नको होती, खोली नको होती. पण त्या स्टुलावर बाई माझ्या शेजारी बसायला हव्या होत्या. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आणि दुःख कसलं, तर हे.

उद्घाटनाच्या आधीच्या गुरुवारी गावाहून निरोप आला. त्याची बायको विहिरीच्या काठावर घसरली, मनगट मोडलं. पुंजाराम हातातलं पातं तसंच ठेवून एसटी स्टँडकडे पळाला. जाताना दारात थांबला. सहा मूळची पाती अजून सुराला आली नव्हती, थोडी चढी बोलत होती – त्यांच्या टोकाचा जुना थेंब झिजलेला. "मी रईवारी सकाळीच येतो आन् डाग देतो," म्हणाला; सोल्डरच्या थेंबाला तो डागच म्हणायचा. आणि मग, मला ओळखत असल्यासारखा, "भाऊ, एक ध्यानात ठिवा. पितळंला बुडाशी खरवडलं तर ते सोसतंय. पोलाद नाय सोसत. ह्याच्या बुडाला हात लावायचा नाय."

यातली गोम सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. पेटीतलं पातं पितळेचं असतं. त्याचा सूर उतरवायचा तर बुडाशी, जिथे ते पक्कं बसवलेलं असतं तिथे, हलकंसं खरवडतात. बूड पातळ झालं की पातं सैल हलतं, सूर उतरतो. दोन मिनिटांचं काम. आपल्याकडचा प्रत्येक पेटीवाला हेच करतो, पिढ्यान्‌पिढ्या. मीही पुंजाच्या शेजारी बसून शेकडो वेळा पाहिलेलं. पण पेटीच्या पात्यातून फक्त वारा जातो. पियानोच्या पात्यावर हातोडी पडते, सारखी पडते. बुडाला ओरखडा असला की तिथून ते एक दिवस तुटणारच.

शुक्रवारी मॅडम आल्या. पुंजाराम नाही, सहा सूर चढे, आणि शनिवारी वाजवणाऱ्या बाई तालमीला येणार. मॅडमचा चेहरा उतरला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, तुम्हाला नाही का जमणार? तुम्ही तर एवढे शिकलेले.

थेंब लावायचा तर पातं काढा, तापवा, थेंब द्या, थंड होऊ द्या, लावा, ऐका – आणि मला ऐकू कुठे येत होतं तसं? माझ्याकडे सूर दाखवणारं यंत्र होतं, कान नव्हता. सहा पात्यांना दिवस गेला असता आणि मॅडम स्टुलावर बसून माझी फजिती बघत राहिल्या असत्या. मी म्हणालो, जमेल की. मी पुंजारामची कानस उचलली. मॅडम समोर बसल्या. आणि मी सहाच्या सहा पाती बुडाशी खरवडली.

त्याचं वाक्य विसरलो होतो? नाही. मला ते शब्दन्‌शब्द आठवत होतं. मला वाटलं, एवढं काय होतंय. खेडवळ माणसाची भीती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे रिकामा झाला तो दुसऱ्याचाच.

सूर झकास उतरले. यंत्राचा काटा मधोमध. मॅडमनी टाळ्या वाजवल्या – खरंच वाजवल्या – आणि म्हणाल्या, बघा, तुम्हाला तर पुंजारामचीही गरज नाही. मी हसलो. त्यानंतर मी पात्यांवरचं पत्र्याचं झाकण बसवलं आणि चारही स्क्रू घट्ट आवळले. शनिवारची तालीम निभावली.

रविवारी पुंजाराम आला. डोळे लाल, झोप नाही, बायकोचा हात गळ्यात बांधून घरी ठेवून आलेला. आल्या आल्या पियानोशी बसला. त्या सहा पट्ट्या एकेक दाबल्या. थबकला. पुन्हा दाबल्या. म्हणाला, हे कुणी उतरवले?

आता ऐका. माझी चूक पात्यांची नाही. पाती काय, बिघडतात. माझी चूक इथे आहे, या जागेवर.

मी म्हणालो, "अरे, तूच नाही का जाताना थेंब दिलास?"

का म्हणालो? 'मी बुडाशी खरवडली' हे त्याला सांगायची लाज वाटली. 'मी थेंब दिले' म्हटलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत पकडलं असतं. आणि तिसरं काही त्या क्षणी सुचलं नाही. वाटलं, वाजतंय ना? मग कुणी का केलं असेना. साधं, बिनविषारी वाक्य, असं वाटलं मला तेव्हा.

त्यानं पट्टीवरचं बोट उचललं. "म्या? डाग देऊन गेलो?" मग कपाळ चोळलं. "व्हय... आसंल. डोकं ठिकाणावर नाय भाऊ. एसटीत बसलो ते बी ध्यानात नाय." आणि त्यानं झाकणाच्या स्क्रूकडे हात नेला, आत एकदा बघून घेतो म्हणाला. मी त्याचा हात धरला. आत चांगलं व्होल्टेज आहे, मी सगळं जोडलंय, आता उघडू नकोस. विजेच्या कामात तो माझा शब्द कधी मोडत नसे. त्यानं हात मागे घेतला.

उद्घाटन त्याच संध्याकाळी पाचला. नव्या इमारतीला रंगाचा वास, दारात झेंडूची तोरणं, आणि पाहुण्यांना प्यायला पाण्याच्या बाटल्या – बाकी सगळं शहर टँकरमागे धावत असताना. पुंजाराम धुतलेला पांढरा सदरा घालून मागे उभा. खोलीची किल्ली मॅडमनी त्याला दुपारीच दाखवली होती; कार्यक्रमानंतर देणार होत्या. वाजवायला छावणीतल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एक बाई होत्या. हात वजनदार. पहिल्या गाण्याला लोकांनी माना डोलावल्या. मी पुढच्या रांगेत.  चोराच्या मनात चांदणं – मी प्रत्येक वेळी त्या सहा पट्ट्यांवर बोट पडायची वाट बघत होतो.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर पहिलं गेलं. आत टक् झालं, आणि तुटका तुकडा सर्किटला चिकटल्याबरोबर स्पीकर असा कडाडला की पुढच्या रांगेतल्या एक आजी किंचाळल्या. लोक हसले. बाईंनी वाजवणं सुरू ठेवलं. मग दुसरं. मग एकदम दोन. मग स्पीकरमधून नुसती खरखर. कुणीतरी मागून म्हणालं, "बंद करो रे बाबा, करंट लगेगा!" आणि सभागृह हसून लोळलं. मॅडम तेवढ्या हसत नव्हत्या.

मी उठलो, प्लग काढला, पियानो पडद्यामागे ओढला आणि झाकण उघडलं. पाचवं लोंबत होतं, सहावं तडकलेलं. सगळी बुडाशी, माझ्या तिरप्या ओरखड्यावर. पुंजाराम नेहमी सरळ कानसायचा. हे ओरखडे कुणाचे आहेत ते त्याला एका नजरेत कळलं असतं. त्याची स्वतःची अकरा पाती, गॅरेजच्या पट्ट्यांची, शाबूत. एकालाही काही झालेलं नाही.

मी त्या सहा पात्यांचे सगळे तुकडे, तडकलेल्या सहाव्यासकट, काढले आणि खिशात घातले. मग पुंजाराम आला. त्यानंतर मॅडम आल्या.

त्यांनी मलाच विचारलं, कुणी केलं हे? – मलाच, कारण मी शुद्ध बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला, शिकलेला. शुक्रवारी मी कानस चालवताना त्या समोर बसल्या होत्या, हे खरं. पण कानसण्या-कानसण्यातला फरक त्यांना काय कळणार? आणि त्या दिवशी मी त्यांना दाखवलेला काटा मधोमध होता, तेवढं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांच्या दृष्टीनं मी ते सुधारलं होतं; बिघाड आधीचा असणार. हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मला फक्त गप्प बसायचं होतं. पण मी गप्पही बसलो नाही.

मी म्हणालो, "पात्यांचं काम माझ्याकडे नव्हतं, मॅडम."

पुंजाराम पियानोत वाकून बघत होता. रिकामे स्क्रू. पाती कुठं हायेत, त्यानं विचारलं. मी म्हणालो, आत पडली असतील, नंतर बघू. तो उभा राहिला. त्यानं स्वतःचे तळहात पाहिले. आणि मग तो म्हणाला, "माझंच चुकलं मॅडम. डाग देताना लई तापवलं आसंल. जास्त तापलं की पोलाद ठिसूळ व्हतं. घरच्या घोरात व्हतो, ध्यान ऱ्हायलं नाय."

तुम्हाला कळतंय ना, काय झालं? न केलेल्या चुकीचं कारणही त्यानं शोधून काढलं. कारण सहा थेंब आपण दिले, हे मी त्याला सांगितलं होतं आणि त्यानं ते मानलं होतं. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही.  खिशातले तुकडे मांडीला टोचत होते.

मॅडम पाहुण्यांसमोर फार बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या. किल्ली दिली नाही. मला मात्र निरोप आला – त्या दिवशी तुम्ही सावरून घेतलंत, आभारी आहे.

तुकडे मी दुसऱ्या दिवशी खाम नदीच्या कोरड्या पात्रात टाकले. घरापासून चालत तिथवर गेलो, टाकले, परत आलो, जेवलो. भेंडीची भाजी होती. आठवतं.

पुंजारामनं पुढच्या आठवड्यात दोन पेट्या परत पाठवल्या, न उघडता. मी म्हणालो, अरे, का? म्हणाला, भाऊ, भरोसा नाय वाटत. हात चालत नाय. महिनाभरानं तो चितेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला. खोक्यांना पट्टी मारायची. दुकानात येऊन त्यानं आपलं सामान बांधलं आणि कानशी मला देऊन गेला. म्हणाला, तुमच्या कामी येतील. मी घेतल्या.

त्याच्या बायकोचा हात नीट बसला नाही. हे मला नंतर कळलं, दुसऱ्याकडून. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती एका हातानं पाणी शेंदत होती, आणि त्या खोलीमागचं बोअर विद्यालयाच्या हिरवळीला पाणी देत होतं. कधी पावसाळा चांगला झाला, कधी झाला नाही. शहर बायपास ओलांडून पुढे गेलं. मी दुकान विकलं. हे सगळं आपापल्या गतीनं होत राहिलं, आणि मी प्रत्येक दिवाळीत ठरवत राहिलो की यंदा जाऊन सांगायचं.

गेल्या दिवाळीत गेलो. चितेगावला त्यानं आता दोन खोल्या बांधल्यात. तोही म्हातारा झालाय, माझ्यासारखाच. मला पाहून इतका आनंद झाला त्याला की मला उंबऱ्यावर उभं राहवेना. बायकोनं डाव्या हातानं चहा टाकला. मुलगी कॉलेजला जाते, गल्लीतल्या भजनात पेटी वाजवते. तिनं पेटी काढली, थोडं वाजवून दाखवलं. मधला गांधार चढा होता, निषादही. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा.

मी म्हणालो, पुंजा, लेकीची पेटी अशी? काढ ना कानस.

तो हसला. लाजल्यासारखा. "नाय भाऊ. म्या सोडलं ते. त्या मॅडमच्या पियानोपासून हाताचा भरोसाच नाय ऱ्हायला. लोकायच्या चीजा खराब करायच्या म्हणजे पाप." मुलीनं सांगितलं, बाबा घरातल्या पेटीलाही हात लावत नाहीत. ती बिघडली की रिक्षानं शहरात नेतात. मग त्यालाच सुचलं. "तुमीच करा ना, भाऊ. आले हायेत तर."

हे सांगायलाच मी आलो होतो ना? यापेक्षा सरळ वाट कुणी करून दिली असती? बायको आत होती, मुलगी समोर, तो शेजारी. मी तोंड उघडलं. आणि मी म्हणालो, आण इकडे.

पेटी उघडली. त्यानं शेजारच्या लोहाराकडून बारीक कानस आणून दिली. मोबाइलचा उजेड धरून तो माझ्या खांद्यापाशी बसला. मी दोन पितळी पाती खरवडली. अर्धा तास लागला; त्याला पाच मिनिटं लागली असती. मी जिथे थांबायला हवं तिथे त्याचा श्वास थांबत होता. मी त्याच्या श्वासावर काम केलं. सूर बसले.

मुलीनं वाजवून बघितलं. पुंजाराम ऐकत होता, मान तिरकी करून, अगदी पूर्वीसारखा. कानाला काही झालेलं नव्हतं त्याच्या. मग तो मुलीला म्हणाला, "बघून घे, पोरी. असा हात पायजे. हे चुकत नाहीत, म्या चुकलो व्हतो."

मी पेटी बंद केली. निघताना त्याच्या बायकोनं शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, ते घेतले. तो मला स्टॉपपर्यंत सोडायला आला. बस यायला उशीर होता. आम्ही दोघंच उभे होतो, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मी त्याच्याशी कांद्याच्या भावाबद्दल बोललो.